सतरा नंबरचा सदरा

झुलाल सरांना मेलेल्या प्राण्यांचं भारी कौतुक. जिवंत म्हैस अंगावरून गेली तरी त्यांचं लक्ष जायचं नाही, पण रस्त्याच्या कडेला उंदीर मरून पडलेला दिसला की चेहरा असा खुलायचा, जणू सासुरवाडीचं माणूस अचानक भेटलं. मग खिशातला रुमाल निघायचा, उंदीर त्यात अलगद ठेवला जायचा आणि सर शाळेकडे निघायचे. समोरून येणाऱ्या बाया पदर नाकाला लावून दुसऱ्या बाजूने जायच्या. सर त्यांना हसून नमस्कार करायचे. रुमालासकट.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून तो उंदीर एका टोपलीखाली ठेवला जाई. वर दगड, म्हणजे कुत्रं ओढून नेणार नाही. दहावीच्या वर्गाने रोज मधल्या सुट्टीत टोपली उचलायची आणि वहीत नोंद करायची. पहिल्या दिवशी कोणती माशी आली, अंडी कुठे घातली, अळी कधी दिसली, कोष कधी झाला. आठवड्याने सर दुसरा उंदीर आणून टोपलीखाली ठेवत आणि विचारत, हा मरून किती दिवस झाले ते सांगा. पाठ्यपुस्तकात माशीच्या जीवनचक्राला एक आकृती आणि सहा ओळी होत्या. तालुक्यातल्या बाकी शाळांतली पोरं त्या सहा ओळी पाठ करून परीक्षेनंतर विसरून जात. झुलाल सरांची पोरं मात्र लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या अळीचं वय सांगत, आणि शेजारचा पाहुणा ताट सोडून उठे.

मुख्याध्यापक तोताराम सर यांची खोली नेमकी वाऱ्याच्या दिशेला होती. ते एकदा कळवळून म्हणाले, "सर, अभ्यासक्रमात माशीचं चित्र आहे. माशी नाही."

झुलाल सर मूळचे नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. तिकडे जमीन कोरडवाहू. बाजरी, भुईमूग, थोडा कापूस, आणि उरलेली जागा आभाळाकडे बघायला. धुळ्याला बी.एस्सी. करत असताना रद्दीच्या दुकानात त्यांना न्यायवैद्यकाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. कव्हर नव्हतं, पण आतला मजकूर शाबूत होता. रक्ताचे डाग, केसांचे प्रकार, बोटांचे ठसे, पाण्यात बुडून मेला की मारून टाकला हे कसं ओळखायचं, असला सगळा मंगल मजकूर. सरांनी तो तीनदा वाचला आणि ठरवलं की आपण मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करायची. अर्ज केला, मुलाखतीलाही बोलावणं आलं. तीन साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारले. सरांना प्रत्येक उत्तर येत होतं. पण अहिराणीतलं उत्तर मराठीत, मराठीतलं इंग्रजीत आणि इंग्रजीतलं ओठांवर येईपर्यंत पुढचा उमेदवार खुर्चीत बसलेला होता.

मग बी.एड. झालं, आणि त्र्याऐंशी साली रावेर तालुक्यातल्या आमखेड्याच्या माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्राचे शिक्षक म्हणून ते रुजू झाले. आमखेडं म्हणजे नुसती केळी. गावाबाहेर पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती. कुंदाबाई, म्हणजे सरांच्या घरच्या, बैलगाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "आठे तं बठ्ठं हिरवंगार शे वं माय." शेजारच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. त्या गावाची बोली निराळी. 'आहे'ला 'शे' म्हणणं त्यांना गमतीचं वाटे. सरांनाही पहिलं वर्षभर पोरांनी 'शे सर' म्हणून घेतलं. सरांना ते कळलं होतं. पण जो माणूस मेलेल्या उंदराला रुमालात घेतो, तो असल्या गोष्टींनी दुखावत नाही.

दोन-तीन वर्षांत गाव त्यांच्या प्रेमात पडलं. कारण पुस्तकातलं सगळं सर गावात आणत. बोटांचे ठसे शिकवायचे तर कंदिलाची काजळी आणि टाल्कम पावडर. शिक्षकांच्या खोलीतलं साखरेचं भांडं कोण उघडतं याचा छडा दहावीच्या वर्गाने लावला, आणि ते स्वतः तोताराम सर निघाले. ते दोन दिवस शाळेत आले नाहीत. केस शिकवायचे तर न्हाव्याच्या दुकानातून, धनगराकडून आणि म्हशीच्या शेपटीतून केस आणायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. रक्तगट शिकवताना अर्ध्या वर्गाला घेरी आली आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांना वारा घातला. लोणच्याची बरणी कोणी उघडली, पाटाचं दार कोणी फोडलं, कोंबडी मांजराने नेली की शेजाऱ्याने, असले प्रश्न घेऊन लोक सरांच्या ओट्यावर येऊ लागले. सर चष्मा पुसत आणि म्हणत, "पुरावा आणा." हा शब्द आमखेड्यात त्यांनी रूढ केला. नवरा-बायकोच्या भांडणातही बाया म्हणू लागल्या, "पुरावा आना."

या सगळ्यात लता नावाची एक मुलगी सगळ्यांत पुढे होती. तिचा बाप निंबा केळी कापणाऱ्या टोळीत मजूर. दिवसभर बागेत घड कापायचे, खांद्यावर घेऊन बांधावर आणायचे, संध्याकाळी हातात पैसे आले की थोडी घ्यायची आणि गप्प झोपायचं, असा सरळ माणूस. आई बेबाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जाई. लता टोपलीजवळ सगळ्यांत आधी बसे आणि नाक न दाबता अळ्या मोजे. सर म्हणत, ही पोरगी माझी राहिलेली नोकरी करणार. ते हे गमतीने म्हणत नसत. त्यांनी जळगावच्या कॉलेजचा अकरावीचा फॉर्म आधीच मागवून ठेवला होता.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत गावात एक वाईट गोष्ट झाली. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष रुपचंद आबा यांच्या केळीच्या बागेत वना नावाचा रखवालदार होता. तो एका सकाळी पंपाच्या खोलीजवळ डोकं फुटून पडलेला सापडला. जळगावला नेईपर्यंत गेला. पोलीस आले, चारजणांना विचारून गेले, काही हाती लागलं नाही. वनाचं कोणाशी वैर नव्हतं. गावाने पंधरा दिवस याच विषयावर चहा प्यायला आणि मग विषय निवळू लागला.

फेब्रुवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. बाकी शिक्षकांनी नेहमीचे ज्वालामुखी आणि पवनचक्क्या लावल्या. झुलाल सरांनी दहावीला सांगितलं, प्रत्येकाने घरून डाग पडलेला एक कपडा आणायचा. गंज, हळद, मेंदी, पान, काहीही. आपण गावासमोर ओळखून दाखवायचं की कोणता डाग रक्ताचा आणि कोणता नाही. रक्तासाठी त्यांनी खाटिकाकडून बोकडाच्या रक्तात बुडवलेली चिंधी आणवली होती. वनाच्या खुनाशी याचा काही संबंध आहे असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. खरं तर त्यांच्या स्वप्नात फक्त टाळ्या होत्या.

प्रयोग त्यांनी पुस्तकातूनच घेतला होता. फिनॉल्फ्थॅलिन नावाचं औषध शाळेच्या कपाटात असतंच. ते कॉस्टिक सोडा आणि जस्ताचे दाणे घालून उकळलं की त्याचा गुलाबी रंग उडतो आणि पाण्यासारखा द्रव उरतो. डागावर ओला टीपकागद घासायचा, कागदावर त्या द्रवाचा थेंब टाकायचा, मग कंपाउंडरकडून आणलेल्या हायड्रोजन पेरॉक्साईडचा थेंब टाकायचा. रक्त असेल तर कागद क्षणात गुलाबी. सरांनी महिनाभर घरी तालीम केली होती. हळद, मेंदी, गंज, पान, कशानेही गुलाबी होत नव्हतं. फक्त रक्ताने.

लताच्या घरी हळदीचा डाग पडेल एवढी हळद नव्हती आणि मेंदीचा तर प्रश्नच नव्हता. तिने बापाचा जुना सदरा आणला. खांद्यापासून छातीपर्यंत तपकिरी डाग पडलेला. त्यावर सतरा नंबरची चिठ्ठी टाचली गेली.

प्रदर्शनाला सगळं गाव लोटलं होतं. पुढच्या रांगेत रुपचंद आबा, तोताराम सर, आणि बंदोबस्ताच्या नावाखाली नाश्त्याला आलेले जमादार. झुलाल सरांनी कोट घातला होता, जो त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पेटीतून काढला होता. ते बोलू लागले तसा मंडप गप्प झाला. एक नंबर, गंज. काही नाही. चार नंबर, पान. काही नाही. नऊ नंबर, बोकडाची चिंधी. गुलाबी. काय टाळ्या पडल्या. सरांचा आवाज चढला. आता त्यांनी डाग कसला हे आधी सांगणं बंद केलं. थेंब टाकायचे, थांबायचे, लोकांकडे बघायचे. मुलाखतीतले ते तीन साहेब समोर बसले आहेत असंच त्यांना वाटत असावं.

सतरा नंबर. एक थेंब. दुसरा थेंब. कागद गुलाबी झाला.

"रक्त," सर म्हणाले. आणि टाळ्यांच्या ओघात, वर्गात विचारायचे तसंच, त्यांनी विचारलं, "हा कपडा कोणाचा?"

लता उभी राहिली. वर्गात बरोबर उत्तर देताना उभी राहायची तशीच, ताठ. म्हणाली, "माह्या बापाचा, सर."

तेवढ्यात कोणीतरी मागून वनाचं नाव घेतलं. फार हळू घेतलं, पण मंडपात ते सगळ्यांना ऐकू गेलं. जमादारांनी हातातली भज्यांची बशी खाली ठेवली.

पुढचं सगळं इतकं शिस्तीत झालं की सरांना घाबरायलाही वेळ मिळाला नाही. सदरा कागदात गुंडाळला गेला. पंचनाम्यावर पंच म्हणून सरांची सही घेतली. जमादार म्हणाले, दोन ओळी तुमच्या मताच्या लिहा. सरांनी अकरा लिहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा सरकारने त्यांचं मत मागितलं होतं. शेवटची ओळ होती, 'सदर डाग रक्ताचाच आहे, असे मी खात्रीपूर्वक सांगतो.' संध्याकाळी निंबाला बागेतून उचललं. वना मेला त्या रात्री तू कुठे होतास, या प्रश्नाचं त्याला उत्तर देता आलं नाही, कारण त्या रात्री तो नेहमीपेक्षा जास्त प्यायला होता. तो एवढंच म्हणत राहिला की डाग केळीच्या चिकाचा आहे. जमादारांनी सांगितलं, सरांनी तपासलाय.

आता गंमत अशी की केळीचा चीक लागला की वाळून तपकिरी डाग पडतो, कपडा फाटतो पण डाग जात नाही, हे आमखेड्यातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. ज्याच्या कपड्यावर तो नाही असा माणूस गावात एकच, झुलाल सर. त्यांना केळं ठाऊक होतं ते डझनाने मिळणारं. दहावीच्या चाळीस पोरांपैकी एकानेही महिनाभरात चिकाचं नाव घेतलं नव्हतं, कारण त्या डागाला कोणी डाग म्हणतच नसे. तो कापडाचाच रंग. लताने तो आणला, कारण तिच्याकडे दुसरा डागच नव्हता. तेव्हा सदरा बघून सगळ्या गावाला कळायला हवं होतं. पण गावाने पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी पाहिलेलं बाजूला ठेवलं आणि दोन थेंबांवर विश्वास ठेवला. सर पाच वर्षं सांगत होते, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, पुरावा बघा. गाव शेवटी शिकलं.

चौथ्या दिवशी सर लताच्या घरी गेले. ती शाळेत येत नव्हती आणि परीक्षा महिन्यावर होती. ओट्यावर बेबाबाई होती. ती आत गेली आणि कपड्यांचं एक बोचकं आणून तिने सरांच्या पायाशी सोडलं.

"हे पाहा सर. हा माहा पदर. हा लताचा परकर. हे गोधडीचं फडकं. इतक्यावर रक्त हाये. आख्ख्या घरानं मिळून मारलं का वनाले?"

तिचा आवाज चढला नव्हता. सरांनी ते फडकं उचललं आणि तसेच शाळेत गेले. दार लावून घेतलं. फडकं, गुलाबी. खिडकीबाहेर केळीचं एक झाड होतं, त्याचं पान तोडून ताजा चीक कागदावर घेतला. गुलाबी, आणि बोकडाच्या रक्तापेक्षा किंचित सावकाश. त्यांनी अठरा कागद केले. अठरा वेळा कागदाने त्यांना तेच सांगितलं.

मग त्यांनी जाडं पुस्तक काढलं. ती ओळ तिथे होती. त्यांनी स्वतःच्या हाताने तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केलेली: काही वनस्पतींच्या रसानेही असा रंग येतो, म्हणून या चाचणीवरून खात्री धरू नये. उदाहरण म्हणून एका विलायती मुळ्याचं नाव दिलं होतं. समासात सरांचंच बारीक अक्षर होतं, 'आपल्याकडे होत नाही.' धुळ्यात असताना त्यांनी शब्दकोश उघडून त्या मुळ्याचा अर्थ बघितला होता, आणि खानदेशात तो पिकत नाही हे कळल्यावर निश्चिंत होऊन पान उलटलं होतं.

घरी आले तेव्हा ते हातपाय न धुताच पाटावर बसले. कुंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "चूक व्हयनी तं व्हयनी," त्या म्हणाल्या. "सांगी टाका सरळ. आते जेवान करी ल्या." कुंदाबाईंना वाटलं, खोटं बोलायला धैर्य लागतं, खरं मात्र नुसतं सांगायचं असतं.

सरांनी सांगायला सुरुवात केली. जमादारांनी चहा पाजला. ते म्हणाले, सदरा आता मोठ्या प्रयोगशाळेत गेलाय, तिथून कळेलच. मत मागे घेता येईल का, असं सरांनी विचारलं तेव्हा त्यांनी कागद काढून अकरा ओळी मोठ्याने वाचल्या आणि म्हणाले, "सर, एवढं चांगलं अक्षर. कोण म्हणेल घाईत लिहिलं?" रुपचंद आबांनी तर समजूतच काढली. वनाच्या बायकोला काय सांगायचं, खुनी सापडला होता पण आमच्या मास्तरांनी सोडून दिला? शिवाय शाळेचं नाव पेपरात आलं होतं. तोताराम सर काही बोलले नाहीत. साखरेच्या भांड्यापासून ते पुराव्यांच्या बाबतीत मौन पाळत.

शेवटी सरांनी बाजाराच्या दिवशी चावडीसमोर टेबल मांडलं. सगळ्यांसमोर केळीचं पान कापलं, चीक कागदावर घेतला, दोन थेंब टाकले. गुलाबी. मग त्यांनी दोन चिंध्या पातेल्यात उकळल्या, एक बोकडाच्या रक्ताची, एक चिकाची, कारण पुस्तकात पुढे लिहिलं होतं की उकळल्यावर वनस्पतींचा रस रंग देत नाही आणि रक्त देतं. तसंच झालं. रक्त गुलाबी, चीक कोरा. पुरावा याहून स्वच्छ असू शकत नाही. सरांनी घाम पुसला आणि लोकांकडे पाहिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जादूचा प्रयोग चांगला झाला होता.

मग चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, आधीचं पाणी निराळं होतं, हे निराळं. दुसरा म्हणाला, सरांचा जीव त्या पोरीत आहे, म्हणून धडपड. तिसरा म्हणाला की निंबाचा सदरा कुठे उकळला? तो आणा, मग बघू. सदरा मोठ्या प्रयोगशाळेत होता. एका म्हाताऱ्याने फार विचार करून निष्कर्ष काढला की केळीतही रक्त असतं. हा निष्कर्ष तेवढा गावाला पटला. येत्या चतुर्थीला बायांनी उपासाला केळी खाल्ली नाहीत. ती बातमी शेजारच्या दोन गावांत पोचली, आणि तिसऱ्या दिवशी केळीचे व्यापारी बन्सीलालशेठ सरांच्या दारात उभे. दिल्लीला वॅगनी भरून केळी पाठवणारा माणूस.

"सर," ते म्हणाले, "तुम्ही एक मानूस सोडवाले निघाले अन् आख्ख्या तालुक्याची केळी अडकवली."

त्याच आठवड्यात संस्थेने ठराव केला. झुलाल सरांनी यापुढे शाळेत वा शाळेबाहेर रक्त, ठसे, केस वा मृत प्राणी यासंबंधी कोणताही प्रयोग करू नये. सरांनी सही केली. सही करायला आता त्यांना वेळ लागत असे. ते कागद दोनदा वाचत.

मार्चमध्ये लताचं परीक्षेचं प्रवेशपत्र घेऊन सर पुन्हा त्या घरी गेले. दाराला कडी होती. मायलेकी निंदणीला गेल्या होत्या. त्यांनी प्रवेशपत्र दाराच्या फटीतून आत सरकवलं. परीक्षेच्या सातही दिवशी ते केंद्राच्या फाटकाशी उभे राहिले. लता आली नाही. मे महिन्यात जामनेरकडच्या एका घरी तिचं लग्न लावून दिलं. बाप तुरुंगात असलेल्या मुलीला त्यापेक्षा बरं स्थळ येत नाही, असं बेबाबाईने कोणाला तरी सांगितलं. सरांना लग्नाचं बोलावणं नव्हतं.

निंबा पाच महिन्यांनी जामिनावर सुटून आला. चालताना एक पाय ओढत होता. टोळीने त्याला परत घेतलं नाही. तो घरीच बसून असे. पिणंही त्याने सोडलं होतं.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला पुढच्या वर्षीचा जानेवारी उजाडला. सर दर महिन्याला जळगावला खेटे घालत होते. कारकून त्यांना नावाने ओळखू लागला होता. अहवालात एकच ओळ होती, 'वस्तू क्रमांक एकवर रक्त आढळले नाही.' वनाला कोणी मारलं ते कळलंच नाही, पण निंबाचं नाव खटल्यातून काढलं गेलं. सरांनी नक्कल घेतली. चावडीवर वाचून दाखवली तेव्हा लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, इतक्या दिवसांनी कुठे रक्त राहतंय, सुकून गेलं असेल. जमलेल्यांत सरांचे पाच-सात जुने विद्यार्थी होते. त्यांनीही माना हलवल्या.

दुपारी ते निंबाच्या घरी गेले. निंबा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. सरांनी कागद वाचला, अर्थ सांगितला, मग हात जोडले. जे बोलायचं ते वर्षभर पाठ केलं होतं, पण निम्मं मराठीत आलं आणि निम्मं अहिराणीत. मन्हा हातथिन व्हयनं, माझ्या हातून झालं, निंबाभाऊ, असं काहीतरी.

निंबाने त्यांना बसायला जागा केली. रागावला नाही. बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं.

"सर, एक इचारू का? खरं सांगजा."

"विचारा."

"त्या राती मी खूप पेलो व्हतो. घरी कसा आलो ते मले याद नही. मंग पानी गुलाबी झालं, ते आख्ख्या गावानं पाह्यलं. तिथी ठाण्यात रोज मले इचारत. मी नही म्हने. पन मंग रोज रोज मलेच वाटाले लागलं." तो सरांकडे वळला. "मीच तं नसीन ना मारलं वनाले?"

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग ते सांगू लागले. त्यांनी चिकाचं सांगितलं. चिकात असा एक पदार्थ असतो, रक्तातही तशाच कामाचा असतो, म्हणून रंग सारखा येतो. उकळल्यावर फरक कळतो. मोठ्या प्रयोगशाळेत याहून बारकाईने बघतात, आणि त्यांनी बघितलं, तुमच्या सदऱ्यावर रक्त नव्हतंच. चूक माझी होती. तुम्ही कोणाला मारलं नाही.

निंबा लक्ष देऊन ऐकत होता. सर बोलायचे थांबले तेव्हा त्याने मान हलवली.

"हो सर," तो म्हणाला. "तुम्ही चांगले मानूस हायेत, म्हनून असं म्हनता."

झुलाल सर पाच-सहा वर्षं वर्गासमोर उभे राहिलेले. ती मान त्यांना ओळखता येत होती. काहीही न समजलेला पोरगा मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून हलवतो, ती. अशा वेळी काय करायचं हे त्यांना बी.एड.ला शिकवलं होतं: उजळणी घ्यावी, सोप्या शब्दांत, पहिल्यापासून. त्यांनी ओट्याखाली वाळत पडलेल्या केळीच्या पानाकडे हात केला आणि पुन्हा सुरुवात केली. बघा निंबाभाऊ, हे पान. निंबाने पानाकडे बघितलं. सर सांगत गेले, आणि प्रत्येक वाक्याला निंबा मान हलवत राहिला.